माळ्यावरचे बूट किलिमांजारोला न्यावेत का?

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ४७, बँकेत नोकरी करते. जानेवारीच्या शेवटी चार मैत्रिणींबरोबर टांझानियात किलिमांजारोला जाते आहे. माचामे मार्ग, सात दिवस. सह्याद्रीत भरपूर फिरले आहे. हिमालयात एकदाच गेले, केदारकंठाला. तिथे पहाटे पायाची बोटं बधिर झाली आणि रात्री धड झोप लागली नाही. भावाने २०१५ मध्ये गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी घेतलेले बूट, डाऊन म्हणजे मऊ पिसांचं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग आमच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली आहे. बूट एक नंबर मोठे आहेत, पण दोन मोजे घातले की बसतात. हे सगळं वापरलं तर बाकीच्या सामानाला ४५ हजार रुपये पुरतील का? आणखी एक, विचारायला संकोच वाटतो : मला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि हल्ली झोपेत एकदम घाम फुटतो. तंबूत याचं काय करायचं?

उत्तर : ताई, बूट नेऊ नका. जॅकेट बहुतेक वाचेल. स्लीपिंग बॅगचं तपासून ठरवावं लागेल, आणि ती भाड्यानं मिळते, त्यामुळे तिच्यावर काही अडत नाही. पैसे पुरतील, फक्त ते पायाला, अंगावरच्या पहिल्या कपड्याला आणि हातांना आधी लावा.

बुटांबद्दल इतकं ठाम का सांगतो, ते नीट समजून घ्या. जड ट्रेकिंग बुटांत बाहेरचा रबरी सोल आणि आतला इनसोल यांच्यामध्ये धक्का झेलणारा थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. तो बहुतेकदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाशी रासायनिक अभिक्रिया होऊन पॉलियुरेथेन हळूहळू तुटत जातं. बूट पायात घातला नाही म्हणून हे थांबत नाही, उलट बांधून ठेवलेला बूट लवकर जातो, कारण आत कोंडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाव नसतो. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. असे दहा पावसाळे त्या बुटांनी प्लास्टिकच्या पिशवीत काढले आहेत.

फसवी गोष्ट अशी, की वरून बूट नवा दिसतो. चामडं शाबूत, लेस शाबूत, रबराची नक्षी जशीच्या तशी. मग चालायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिडसोलचा भुगा होतो आणि सोल टाचेकडून सुटतो. माचामेच्या वाटेवर तिसऱ्या दिवशी तुम्ही ४६०० मीटरच्या आसपास लाव्हा टॉवरपाशी असाल. तिथे ना दुकान, ना चांभार. खात्री करायची असेल तर मिडसोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबा आणि बूट चवड्यापाशी वाकवून बघा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा पांढरट भुकटी दिसली तर निकाल लागलाच. काही दिसलं नाही तरी दहा वर्षांच्या मिडसोलवर शिखराची रात्र, म्हणजे शेवटची रात्रीची चढाई, सोपवू नका. हल्ली बऱ्याच बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो. तो असा विरघळत नाही, पण वर्षानुवर्षांनी कडक होतो आणि धक्का झेलत नाही.

शिवाय मापाचा प्रश्न आहे. एक नंबर मोठा बूट दोन मोज्यांनी भरून काढणं, बोटं बधिर होण्याचा तो हमखास रस्ता. केदारकंठाला तुमचे मोजे कमी पडले असं तुम्हाला वाटत असेल. बहुतेक वेळा उलट असतं : मोजे जास्त झालेले असतात. दोन जाड मोजे पाय आवळतात, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि ऊब तर रक्तच आणतं. त्यात आदल्या दिवसाच्या घामानं मोजा ओलसर असला की भरच पडते.

नवे बूट याच महिन्यात घ्या, म्हणजे वापरून मऊ करायला किमान सहा आठवडे हातात राहतील. घोट्याच्या वर येणारे, जलरोधक पडदा असलेले, मध्यम जाडीचे. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरावर तसेच असतात. शिखराला घालणार तेच मोजे बरोबर न्या. लेस न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट सहज मावलं पाहिजे. मग लेस बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर उतरून बघा. बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर मोठा घ्या. मोज्यांचं गणित सोपं आहे : आत एक पातळ सिंथेटिक, वर एक लोकरीचा, आणि दोन्ही घालून बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. लोकरीचे तीन जोड पुरतात. त्यातला एक जोड शिखराच्या रात्रीसाठी कोऱ्या पिशवीत बांधून ठेवा, तोपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो घालून झोपायचंही नाही. रात्री निघायच्या आधी पाय पुसून, कोरडे करून मगच घाला.

पायात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतल्या ऑक्सिजननं तापते. बंद बुटात हवा कमी मिळते, म्हणून पुडी बूट घालायच्या १५-२० मिनिटं आधी फोडा आणि बोटांच्या वरच्या बाजूला चिकटवा, तळव्याखाली नको. पुडीनं बूट घट्ट होत असेल तर ती न वापरलेलीच बरी.

सरावासाठी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंतची चढण आणि तुमच्या इमारतीचा जिना, दोन्ही चालतील. पाठीवर पाच-सहा किलो घ्या. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा, कारण शिखराच्या दिवशी ५८९५ मीटरवरून म्वेका कॅम्पला, म्हणजे ३१०० मीटरच्या आसपास उतरायचं आहे. एका दिवसात जवळपास २८०० मीटर उतार. पायाची नखं काळी पडतात ती याच उतारावर. निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा. उतरताना चवड्यावर लेस सैल ठेवा, घोट्यापाशी दोन पीळ देऊन गाठ अडकवा आणि वरचे हूक घट्ट बांधा, म्हणजे टाच मागे धरून राहते. कुठे चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा. केमिस्टकडे मिळणारी कागदी पट्टी घामानं सुटते. फोड आल्यावर लावायची पट्टी आणि फोड येऊ नये म्हणून लावायची पट्टी यांत फरक असतो तो या पाच मिनिटांचा.

आता थंडी. माचामेचं प्रवेशद्वार साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्याच उंचीवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, १६४६ मीटर, जिथे संपते तिथून तुमची चढाई सुरू होते. पहिला दिवस दमट रानातून जातो. हवा उबदार, पाऊस कधीही. आणि शिखराच्या रात्री वाऱ्यासकट उणे १० ते उणे २० अंश धरून चाला. मुंबईत राहून या थंडीची सवय करता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. घाम कमी येऊ देणं मात्र शिकता येतं, आणि थंडीचं अर्धं काम तिथेच होतं. ओला कपडा थांबल्यावर सुकायला लागतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून कॅम्पवरून निघताना थोडी थंडी वाजत असतानाच निघा. दहा मिनिटांत अंग तापतं. तेव्हा थांबून जॅकेट काढण्याचा कंटाळा करू नका.

सुती कपडा अंगाला लागता कामा नये, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असतं, तरी बायकांचा एक कपडा नेहमी सुटतो : ब्रा. टी-शर्ट सिंथेटिक, थर्मल महागातलं, आणि आत सुती ब्रा घामानं भिजून छातीला चिकटलेली. छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. तुमची बोटं इथूनही बधिर झालेली असू शकतात. झिप किंवा धातूचा हूक नसलेल्या दोन सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीच्या ब्रा घ्या. आतले बाकी कपडेही त्याच कापडाचे.

शिखराच्या रात्री वरच्या अंगावर चार थर : मेरिनो किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, फ्लीस, डाऊन जॅकेट आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जॅकेट. हे वरचं जॅकेट घेताना भावाचं डाऊन जॅकेट अंगात घालूनच दुकानात मापा. बारीक पडलं तर डाऊन दबतं, आणि दबलेलं डाऊन ऊब देत नाही, कारण ऊब पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. पायांना थर्मल, त्यावर फ्लीसची किंवा ट्रेकची पँट, त्यावर पावसाची पँट. पावसाची पँट बाजूनं पूर्ण उघडणाऱ्या झिपची घ्या, बूट न काढता चढवता येते. सह्याद्रीतला पोंचो खालच्या रानात ठीक आहे, वर वाऱ्यात तो नुसता फडफडतो.

हातांना आत पातळ हातमोजे आणि वर मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहतात ते. वेगळ्या बोटांच्या महाग हातमोज्यांपेक्षा साधं मिटन जास्त उबदार असतं. मनगटाला दोरी अडकवा. झिप लावायला काढलेलं मिटन वाऱ्यानं गेलं की ते परत मिळत नाही, आणि त्या रात्री त्याला पर्याय नसतो.

भावाचं डाऊन जॅकेट एसी खोलीत एक रात्र मोकळं पसरून ठेवा. एसी हवेतली ओल ओढून घेतो. सकाळी झटका. फुगलं तर उत्तम. गुठळ्या असतील किंवा कुबट वास येत असेल तर डाऊनसाठीच्या साबणानं धुऊन घ्या, ड्रायक्लीन नको. धुण्यापेक्षा सुकवणं अवघड असतं : कमी तापमानाच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून दोन-तीन तास, गुठळ्या पूर्ण फुटेपर्यंत. ड्रायर असलेली लाँड्री शोधा. दोरीवर टाकलेलं डाऊन आतून ओलंच राहतं आणि कुजतं.

स्लीपिंग बॅगचं लेबल वाचा. डाऊनची असेल तर जॅकेटसारखीच परीक्षा. सिंथेटिक असेल तर सोडून द्या, दहा वर्षं दाबून ठेवलेला सिंथेटिक भराव परत फुगत नाही. लेबलवर ईएन १३५३७ किंवा आयएसओ २३५३७ असं लिहून तापमानाचे आकडे असतील तर त्यातला कम्फर्ट हाच तुमचा आकडा. लिमिट पुरुषाच्या मोजमापावरून, अंग आखडून झोपल्याचं धरून काढलेला असतो. एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव वाचेल इतकंच, झोपेचं नाव नको. तुम्हाला कम्फर्ट उणे ७ ते उणे १० हवा. दुकानदार किंवा भाड्यानं देणारा नुसता 'मायनस टेन' म्हणाला तर 'कम्फर्ट का लिमिट?' हे विचारा. मोशी आणि अरुशा या किलिमांजारोजवळच्या दोन्ही शहरांत बॅगा भाड्यानं मिळतात. आयोजकांकडे आधीच नोंदवून ठेवा.

झोप न लागण्याचं खरं कारण मात्र बरेचदा बॅगेखाली असतं. अंगाखालचा भराव वजनानं दबतो, आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. मॅटचा उष्णता अडवण्याचा आकडा, आर-व्हॅल्यू, किमान ४ हवा. आयोजक साधी फोमची मॅट देतात का विचारा. देत असतील तर तिच्यावर आपली हवा भरायची मॅट घाला, दोन्हींचे आकडे एकमेकांत मिळवले जातात. फोम खाली, हवेची वर, म्हणजे खड्यांनी पंक्चर होत नाही.

भाड्याच्या बॅगेत आत अस्तर हवंच, स्वच्छतेसाठी आणि थोड्या जास्तीच्या उबेसाठी. विकत मिळतं, पण घरात जुनी मऊ रेशमी साडी असेल तर शिवून घ्या. पदर आणि जरीचे काठ कापून टाका. साडेचार मीटर कापड मधोमध दुमडा, दुमड पायाशी येईल. दोन्ही बाजू शिवा, एका बाजूला वरून ४० सेंटिमीटर उघडी ठेवा. सव्वादोन मीटर लांब पिशवी तयार होते आणि मुठीएवढी घडी होते.

झोपताना एक लिटरच्या रुंद तोंडाच्या टणक बाटलीत गरम पाणी भरून घ्या, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून ऊब पायांपर्यंत जाते. आधी बाटली उलटी धरून झाकण गळत नाही ना हे पाहा. तेच पाणी सकाळी प्यायला.

घामाच्या लाटेसाठी : बॅगेची झिप दोन्ही टोकांनी उघडणारी मागा, पायाकडून उघडली की लगेच हवा लागते. डाऊन जॅकेट अंगात घालून झोपू नका, अंगावर पांघरा, म्हणजे ढकलून देता येतं. उशाशी एक कोरडा टी-शर्ट ठेवा आणि भिजल्यावर आळस न करता बदला, तेवढा बदलला की पुन्हा झोप लागते. झिप आणि टोपीची दोरी अंधारात सापडते का, हे घरीच दिवे घालवून दोन-तीनदा करून बघा.

रात्री उठण्याबद्दल संकोच करण्यासारखं काहीच नाही. उंचीवर लघवी जास्त होते, ते शरीर जुळवून घेत असल्याचं लक्षण आहे. त्यासाठी पाणी कमी पिऊ नका, दिवसाला तीन-चार लिटर हवंच. केमिस्टकडे किंवा ऑनलाइन बायकांसाठी उभ्यानं वापरायचं फनेल मिळतं. सिलिकॉनचं घ्या आणि न्हाणीघरात आठ-दहा वेळा सराव करा, थर्मल घालूनसुद्धा. तंबूत ते वापरायला वेगळी रुंद तोंडाची बाटली ठेवा. तिच्यावर खरखरीत चिकटपट्टी गुंडाळा, अंधारात हाताला ती पिण्याच्या बाटलीपेक्षा वेगळी लागली पाहिजे. गुडघ्यांवर बसून वापरायची. प्रवासानं आणि उंचीनं पाळीचं वेळापत्रक बिघडतं, म्हणून तारीख नसली तरी सामान न्या आणि वापरलेलं खाली परत आणायला अपारदर्शक पिशवी ठेवा.

पण पिशव्यांबद्दल एक खबरदारी. आपल्याला पावसाळ्यामुळे प्रत्येक गोष्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालायची सवय असते. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि त्या विमानतळावरच काढून घेतात. प्रसाधनांच्या झिपलॉकला सूट आहे. बाकी सामान नायलॉनच्या ड्राय बॅगमध्ये भरा. किलिमांजारोवर वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, त्यामुळे टिकाऊ बाटल्या न्या. शिखराच्या रात्री बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. नळीनं पाणी प्यायची पिशवी वापरत असाल तर प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतलं पाणी मागे ढकला, तरीही पहाटे ती गोठेल असंच धरून चाला.

मोठी बॅग चाकांची नको, ८०-९० लिटरची मऊ डफल. पोर्टरच्या पाठीवर एकूण २० किलोंहून जास्त भार नसावा असा नियम आहे, म्हणून आयोजक तुम्हाला साधारण १५ किलोंची मर्यादा देतात. ती पाळा, तो भार माणूस वाहणार आहे. दिवसाची सॅक ३० लिटरची पुरे.

विमानात बूट पायात घाला. डाऊन जॅकेट, शिखराचे मोजे, थर्मलचा एक जोड आणि औषधं हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅग हरवली तर बाकी सगळं मोशीत भाड्यानं मिळेल, तुमच्या पायाला सवय झालेले बूट मिळणार नाहीत. काठ्या चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्येच. २० हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची होते, १०० च्या मर्यादेत बसते. हेडलॅम्पला लिथियमचे सेल घाला, साधे अल्कलाइन थंडीत मान टाकतात. फोन आणि सेल रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या.

पैशांची वाटणी आमच्या मते अशी : बूट आणि मोजे १६ हजार, वरचं जॅकेट आणि पावसाची पँट ११, थर्मल आणि आतले कपडे ६, मिटन आणि टोपी ३, हेडलॅम्प आणि तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा (प्रखर ऊन अडवणारा गडद) गॉगल ४. उरलेल्या पाचात स्लीपिंग बॅग, काठ्या आणि गेटर्स (बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारी आवरणं) भाड्यानं. गेटर्स टाळू नका, शिखराजवळच्या स्टेला पॉइंटवरून उतरताना ज्वालामुखीची भुकटी बुटात भरते.

खायला चिक्की आणि चॉकलेटपेक्षा खजूर, राजगिऱ्याची वडी, आलेपाक. थंडीत दातांना सोपं आणि भूक मेलेली असतानाही घशाखाली उतरतं.

डॉक्टरांकडे आताच जा. वयामुळे रक्तदाब आणि हृदयाची तपासणी, मलेरियाच्या गोळ्या, आणि उंचीच्या त्रासावरचं अॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं का हे विचारा. त्यानं बोटांना मुंग्या येतात, त्या थंडीच्या बधिरतेशी गोंधळू शकतात, म्हणून एकदा घरीच घेऊन बघण्याबद्दलही बोला. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. तिकीट नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर परतताना मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रवास विमा घेताना ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक त्यात धरलेला आहे, हे पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं बघून घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका.